खापर दुधाच्या दातांवर

आमच्या पिढीच्या घरांत सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलाला काहीही झालं, तरी निदान डॉक्टरच्या आधी स्वयंपाकघरातून यायचं. अंग कोमट लागतंय? दात येतायत. शी पातळ झाली? दात येतायत. रात्रभर रडलं, कान ओढायला लागलं, दूध पिता पिता आईला चावलं, शेजारच्या काकूंकडे जाईनासं झालं, सगळ्याला उत्तर एकच. काकूंच्या बाबतीत खरं कारण त्यांचा आवाज असायचा, पण तोही बिचाऱ्या दातांच्या खात्यावर मांडला जायचा. निदान करणारीला त्यासाठी बाळाच्या तोंडात डोकावण्याचीही गरज वाटत नसे. पोळी लाटता लाटता, पाठमोरीच, ती सांगून मोकळी होई.

आम्ही म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत जन्मलेल्या आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत आया झालेल्या बायका. कुणी गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर-नणंदांसह नांदत होतो, कुणी साताऱ्याच्या वाड्यात. कुणी नवऱ्याच्या नोकरीपायी भिलाईच्या किंवा भोपाळच्या क्वार्टरमध्ये एकट्या पडून इनलँडवर आईला विचारत होतो, ‘लाळ फार गळते, काय करू?’ उत्तर येईपर्यंत दात आलेला असायचा. पहिलं मूल मात्र कुठल्या ना कुठल्या म्हातारीच्या देखरेखीशिवाय वाढत नसे. घरात नसली तर शेजारची उसनी मिळायची, आणि ती आपलं ज्ञान परत मागत नसली तरी अधूनमधून चहाला यायची.

गुटीचा डबा हा या घरांतला पहिला दवाखाना. आमच्याकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. आत फडक्यात गुंडाळलेली मुरडशेंग, हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, वेखंड, हळकुंड, सागरगोटा, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. बाळाची अंघोळ झाली, ओव्या-वावडिंगाची धुरी देऊन झाली, की सहाण पुसून समोर घ्यायची, तिच्यावर आईच्या दुधाचे नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि एकेक जिन्नस उगाळायला घ्यायचा. माप वळशांचं. हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन, वेखंडाचा अर्धाच. दगडावर पिवळट-तपकिरी गंध जमत जायचं. ते बोटाने निपटून चांदीच्या वाटीत, वाटीतून बोंडल्यात आणि बोंडल्याच्या चोचीतून बाळाच्या गालाच्या आतल्या अंगाला. थेट घशात ओतायचं नाही, ठसका लागतो, हे बजावणारी बाई शाळेची पायरी चढलेली नसे. लाळ गळायला लागली, मुठी तोंडात जायला लागल्या, की डब्यात दोन नवे पाहुणे यायचे, अतिविषाची कळी आणि डिकेमाली. अतिविष पोटासाठी, डिकेमाली दातांसाठी आणि जंतांसाठी. डिकेमाली हा झाडाचा डिंक, आणि त्याचा वास इतका उग्र की पानं मांडली असली तर तो डबा उघडायला मनाई असे.

या गुटीबद्दल आज माझ्याच वयाच्या मैत्रिणी डोळे पुसत बोलतात तेव्हा मला गप्प बसवत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, असं आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगतो, आणि त्याला कारण आहे. ती सहाण, ते पुसायचं फडकं, वर्षानुवर्षं त्याच डब्यात पडलेली ती मुळं, त्या निपटणाऱ्या बोटाची नखं, यांतलं काय रोज उकळलं जात होतं? शिवाय जायफळाचा वळसा जरा जास्त पडला की मूल झोपायचं आणि घर म्हणायचं, गुटी लागू पडली. लागू पडलं होतं ते जायफळ. आमच्या आज्यांच्या काळात तर लालबाग-परळच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बायका निघण्यापूर्वी तान्ह्याला ‘बाळागोळी’ देत. तिच्यात अफू असायची. आई दिवसभर साच्यावर, मूल शेजारणीच्या भरवशावर. ते झोपून राहिलं नाही तर दुसरा इलाजही नव्हता. त्या बायकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण रडणारं मूल गप्प झालं म्हणजे त्याचं दुखणं गेलं असं नसतं, एवढं त्या गोळीकडे बघून कुणालाही कळावं.

दात येण्याची वेळ ओळखण्यात मात्र काही बायकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे सासूबाईंच्या थोरल्या जाऊ होत्या, सगळं घर त्यांना माई म्हणायचं. त्यांचं बोट हे त्यांचं यंत्र. आधी नखं कापलेली आहेत ना ते बघायच्या, मग साबणाने हात धुवायच्या, तर्जनीला ओलं मलमलचं फडकं गुंडाळायच्या आणि बाळाला मांडीवर उताणं घेऊन खालच्या हिरडीवरून बोट फिरवायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मधोमध आल्यावर बोट थांबायचं. एरवी मऊ लागणाऱ्या हिरडीला तिथे टणक कड लागलेली असायची, थोडी फुगलेली, तांबूस, आणि उजेडाकडे तोंड केलं तर आत पांढुरकी रेघ. “आठ-दहा दिवसांत येतोय बघ,” त्या म्हणायच्या. कधी हिरडीवर निळसर फुगवटा दिसे. नव्या आईचं धाबं दणाणायचं, माई म्हणायच्या, “फोडायबिडायचा नाही, दात वर आला की आपोआप जातो.” तेही बरोबर. दात वर सरकताना हिरडीखाली थोडं रक्त साकळतं, त्याचा तो फुगवटा.

त्या बोटाची दुसरी कामगिरी मला जास्त महत्त्वाची वाटते. तपासून झालं तरी माई बोट काढायच्या नाहीत. त्याच टणक कडेवर ते तसंच दाबून धरायच्या. किरकिर करणारं मूल एकदम गप्प व्हायचं, डोळे मोठे करून माईंकडे बघायचं आणि हिरड्यांनी ते बोट कचकचून आवळायचं. दात खालून वर रेटत असतो, त्याला वरून दाब मिळाला की बरं वाटतं. अजूनही यापेक्षा भरवशाचा उपाय माझ्या ऐकिवात नाही. फडकं गार असेल तर आणखी बरं. फ्रीज सगळ्यांकडे कुठे होता? मलमलचा तुकडा ओला करून माठाच्या गार पाठीवर पसरून ठेवायचा, नाहीतर माठाच्या पाण्यात स्टीलचा चमचा घालून ठेवायचा आणि त्याची पाठ हिरडीवर टेकवायची. फ्रीज आल्यावर काही उत्साही वहिनी चोखायची रिंग थेट बर्फाच्या कप्प्यात टाकू लागल्या. ते चुकीचं. दगडासारखी गोठलेली वस्तू कोवळ्या हिरडीला इजा करते. माठाइतका गारवा पुरतो.

चघळायला काय द्यायचं यावर घराघरांत वाद. कोकणातल्या बायका नाचणीच्या भाकरीची कडक कड देत, घाटावरच्या ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा पापुद्रा. खारीक तर सगळीकडे. ज्येष्ठमधाची जाड कांडी पुण्याकडे फार. ती चोखून चोखून तिचा टोकाला कुंचला व्हायचा, आणि तसा तो झाला की काढून घ्यायची, कारण सुटलेले धागे घशात अडकतात. सावंतवाडीहून कुणी आलं तर चितारआळीतला लाखेच्या रंगाचा लाकडी खुळखुळा आणायचं. त्याची मूठ बाळाच्या तोंडात जाई आणि वरचा गोळा नाकावर आदळे. सावंतवाडीच्या कारागिरांच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण खुळखुळा वाजवायला असतो असं त्यांचं प्रामाणिक मत असावं. गाजराचा तुकडा द्यायला मात्र माईंचा सक्त विरोध. दोन दात आले की मूल गाजराचा टवका तोडू शकतं, पण चावायला दाढा नसतात. तो टवका सरळ श्वासनळीत. त्यांच्या माहेरी असं काही घडलं होतं. त्या तपशील सांगत नसत, आम्ही विचारत नसू.

लाळ हा सगळ्यात फसवा साक्षीदार. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळ सुटली, मुठी तोंडात गेल्या, की आजोळी पत्र जायचं, ‘दात येणार’. मग महिने जायचे आणि दाताचा पत्ता नसायचा. त्या वयात लाळेच्या ग्रंथी जोरात काम करू लागतात आणि बाळाला ती गिळता येत नाही, म्हणून ती गळते. हात तोंडात घालणं ही तर त्याची जग चाखून बघण्याची रीत. दात यायची सर्वसाधारण वेळ सहाव्या महिन्याच्या आसपास, पण चौथ्या महिन्यात येणारे असतात आणि वाढदिवसाला बोळक्याने केक खाणारेही असतात. उशिरा येणाऱ्याबद्दल सासरी बोललं जाई, ‘आमच्याकडे सगळ्यांना पाचव्यात आले’. माहेरून उत्तर तयार असे, ‘उशिरा येतात ते टिकतात’. दोन्हींत तथ्य नव्हतं, पण दोन्ही घरांची अब्रू राहायची. दीड वर्ष होत आलं तरी एकही दात नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, एवढं खरं.

लाळेमुळे हनुवटीखाली, मानेच्या वळीत पुरळ उठायचं. त्यासाठी लाळेरी. आजच्या मुलींना बिब माहीत आहे, लाळेरं माहीत नाही. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे दुपदरी तुकडे, कडेला भरतकाम फक्त पहिल्या मुलाच्या, दुसऱ्याच्या वेळी नुसती धावदोऱ्याची टीप. दिवसात किती बदलावी लागत याचा हिशोब वाळत घालायच्या दोरीलाच ठाऊक. पुसायचं नाही, टिपायचं, असं माई सांगायच्या. घासून पुसलं की कातडी सोलवटते. वर खोबरेल तेलाचा हात. मुलांच्या डॉक्टरांनी पुढे व्हॅसलीन सांगितलं, तत्त्व तेच.

आणि मग एके दिवशी ‘टिक्’. बहुतेक घरांत पहिला दात डोळ्यांनी नाही, कानांनी सापडला आहे. बाळाला वाटीने पाणी पाजताना किंवा चमच्याने पेज भरवताना धातूवर काहीतरी वाजायचं. पाजणारी थबकायची. पुन्हा वाटी टेकवायची. पुन्हा टिक्. मग घरात जी धांदल उडायची! अंघोळीला बसलेले आजोबा पंचा गुंडाळून बाहेर, शेजारच्या काकू कानोसा घेऊन आत, प्रत्येकाला ते वाजवून बघायचंय. पाचव्या-सहाव्यांदा चमचा आल्यावर मूल तोंड घट्ट मिटून भोकाड पसरायचं आणि मग सगळे एकसुरात म्हणायचे, “दात येतायत ना, किरकिर करणारच.” तो दात बहुतेक वेळा खालच्या मधल्या दोनांपैकी एक असायचा. त्या क्रमाला फार महत्त्व होतं, कारण वरचा आधी आला तर मामाला जड. वास्तविक कधी कधी वरचा आधी येतो, त्यात काही बिघाड नसतो, आणि तसा आलेल्या किती तरी मुलांचे मामा पुढे ऐंशी ओलांडून गेले. पण ज्याने उष्टावणाला बाळाला मांडीवर घेऊन खीर चाटवली, त्याच मामाला ही बातमी कुणी कळवायची यावर आमच्याकडे एकदा दोन दिवस खल झाला. शेवटी कुणीच कळवलं नाही. मामा आला, त्याने बाळाचं तोंड उघडलं, हसला आणि म्हणाला, “अरे वा, वरून सुरुवात केली वाटतं!”

इथवर सगळं गोड. पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती गोड नाही.

आमच्या आज्यांना मुलं किती, असं विचारलं की त्या दोन आकडे सांगत, झाली किती आणि राहिली किती. मधल्या फरकाबद्दल विचारलं तर कारणांत एक ठरलेलं असायचं, ‘दातांत गेलं’. वर्षभराचं, गुटगुटीत, रांगणारं मूल, चार दिवस जुलाब झाले आणि गेलं. दातांत गेलं म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नसे. दात तर सगळ्यांनाच येतात. त्यात कुणाचं हयगय करणं नव्हतं, कुणाला दोष नव्हता. आईला जगायला ते कारण बरं पडत असावं. आणि हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण होतं असंही नाही. 1839 साली इंग्लंड-वेल्सच्या सरकारी नोंदींत पाच हजारांवर मृत्यू दात येण्याच्या नावावर लिहिले गेले आहेत. तिथे दातांसाठी ज्या पुड्या मिळत त्यांत पाऱ्याचा क्षार असे. त्याने मुलांचे हात-पाय गुलाबी पडत, सोलत, मुलं अंधारात तोंड खुपसून कण्हत. हा आजार पाऱ्याचा आहे हे उमगायला 1940चं दशक उजाडलं आणि त्या पुड्या ब्रिटनच्या बाजारातून 1954च्या सुमाराला गेल्या. आपल्याकडची डिकेमाली त्या मानाने नुसती वासाचीच गुन्हेगार.

दाताने मूल मरत नाही. मग ती मुलं कशाने गेली? सहाव्या महिन्याच्या सुमाराला आईकडून मिळालेली रोगांशी लढायची शिदोरी संपत आलेली असते. नेमकं त्याच वेळी मूल रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं उचलून तोंडात घालतं, बाहेरचं अन्न-पाणी सुरू होतं. जुलाब, ताप, सर्दी त्याच महिन्यांत येतात, दातही त्याच महिन्यांत येतात, आणि दोघे एकाच दारातून आले म्हणून एकानेच दुसऱ्याला आणलं असं घर धरून चालतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी करून घेतल्या आणि 2000 साली त्या प्रसिद्ध केल्या. दात बाहेर पडायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्या आठ दिवसांत किरकिर, लाळ, चावणं, हिरड्या चोळणं, कान चोळणं, घट्ट खाण्याचा कंटाळा हे सगळं थोडं थोडं वाढतं. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण सणसणीत ताप, उलट्या, जुलाब, खोकला यांचा दातांशी संबंध त्यांना सापडला नाही. थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइटच्या वर पारा गेला तर कारण दुसरीकडे शोधायचं, असं आता सगळे डॉक्टर सांगतात.

माईंना क्लीव्हलँड माहीत नव्हतं. पण त्यांची एक सवय होती, तिच्यापायी आमच्या घरातली निदान दोन मुलं वेळेवर दवाखान्यात पोचली असं मी मानते. बाळाला जुलाब सुरू झाले आणि घर ‘दाताचे’ म्हणून निवांत झालं, की माई गॅलरीत जाऊन दोरीवरची लंगोटं बघायच्या. लघवीने ओली झालेली किती, शीची किती. सकाळपासून लघवीचं एकही नाही असं दिसलं की त्या आत येऊन बाळाच्या टाळूवर तळहात फिरवायच्या. खड्डा लागला, डोळे आत गेलेले दिसले, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही असं वाटलं, की दातांचं नाव कुणी काढायचं नाही. “चप्पल घाला,” एवढंच त्या दिराला किंवा नवऱ्याला म्हणायच्या. निघेपर्यंत दर दोन मिनिटांनी चमचा-चमचा पाणी. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. हे दुसरं त्यांना कुठून कळलं होतं कुणास ठाऊक, कारण त्या काळात जुलाबात दूध तोडणारेच जास्त होते. जुलाब म्हणजे पोट गरम झालं, त्याला विश्रांती द्या, अशी भल्याभल्यांची समजूत, आणि त्या विश्रांतीत मूल सुकून जायचं.

ऐंशीच्या दशकात आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर जलसंजीवनीची कृती रंगवलेली दिसू लागली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पुढे ओआरएसची पाकिटं सर्रास मिळू लागली, तीच जास्त बरोबर मापाची. 1971च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीची माणसं वाचवून दाखवली होती. आमच्या आज्यांच्या दुसऱ्या आकड्यात भर घालायला तेवढं मीठ आणि साखर पुरली असती, आणि दोन्ही त्यांच्या फळीवर होतं.

बाटल्यांचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर प्रेम सगळ्यांचं आहे आणि माझं कमी आहे. ग्राइप वॉटर नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने 1851 साली काढलं. त्यात मुख्य काय, तर शेपूच्या बियांचं तेल, म्हणजे आपल्या बाळंतशोपा, आणि खायचा सोडा. जुन्या कृतीत थोडं मद्यही असे, त्यामुळे मूल शांत होण्याचं श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्नच आहे. आता ते नसतं. शेपूच्या भाजीला नाक मुरडणारे घरातले सगळे पुरुष ती बाटली चोरून तोंडाला लावत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोटातल्या वायूचं काय ते होवो, हिरडीला तिचा काडीचा उपयोग नाही. बाराक्षाराच्या पांढऱ्या गोड गोळ्या प्रत्येक मराठी घरातल्या कुणा ना कुणा काकांकडे असत. काका पोस्टातून किंवा एलआयसीतून निवृत्त, हातात पुस्तक, आणि दातांसाठी कॅल्केरिया फॉस ठरलेलं. दुधाच्या साखरेची ती गोळी मुलांना आवडायची, मूल गोळी चघळताना हसायचं आणि काकांचा क्षारांवरचा विश्वास दृढ व्हायचा.

खरी भीती होती ती टाकणखाराची. त्याची लाही करून मधात कालवून हिरडीला चोळायचा, हा उपाय किती तरी घरांत चालायचा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, कॅरमच्या पाटावर भुरभुरतो त्या बोरिक पावडरचा सख्खा भाऊ. 1983 साली डॉक्टरांनी मध आणि बोरॅक्स लावलेलं चोखणं चोखणाऱ्या बाळांना आचके येत असल्याचं लिहिलं आहे. मधही वर्षाच्या आत द्यायचा नसतो. त्यात कधी कधी बोटुलिझमचे जंतू असतात, ते तान्ह्याच्या आतड्यात वाढून त्याला लुळं पाडू शकतात. हे सांगितलं की आमच्या वयाच्या बायका म्हणतात, ‘आमच्या मुलांना काही झालं नाही.’ ज्यांच्या मुलांना झालं त्या या गप्पांना बसलेल्या नसतात.

आता आमच्या मुली-सुना विचारतात ते न्यू जर्सीतून नाहीतर हिंजवडीतून, व्हिडिओ कॉलवर. त्यांच्याकडे औषधांच्या दुकानातलं हिरडी बधिर करणारं जेल असतं. त्यातलं बेन्झोकेन दोन वर्षांखालच्या मुलांना नको, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली बजावलं, कारण क्वचित त्याने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच घटते. त्याच वर्षी त्यांनी दात येताना बाळाच्या गळ्यात घालायच्या माळांबद्दलही इशारा दिला, अंबरच्या मण्यांची माळ झोपेत गळ्याभोवती आवळून एक मूल गेल्यानंतर. सुनेने ती माळ मागवली होती. मी तिला आमच्या वेळच्या वाघनखाच्या काळ्या दोऱ्याची आठवण दिली, तो रात्री काढून ठेवायला माई कुणाला विसरू देत नसत. माळ परत गेली. रात्रीची झोपच उडाली असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून वजनाच्या मापाने पॅरासिटामॉलचा एखादा डोस चालतो, हे मात्र नव्या पिढीला आमच्यापेक्षा बरं माहीत आहे. आम्ही एक तर काहीच देत नसू, नाहीतर कुठल्या तरी भावजयीच्या मुलाला लिहून दिलेली बाटली थेंब मोजून देत असू.

पुढच्या दातांचं कौतुक खालच्या दोनांनंतर भराभर ओसरतं. वरचे दोन, मग त्यांच्या बाजूचे, मग वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा, त्यांच्या नंतर मधल्या रिकाम्या जागेत सुळे. दाढा रुंद असतात, हिरडीतून वर यायला वेळ घेतात, त्यामुळे त्या वेळची रडारड पहिल्या दाताहून मोठी असली तरी तोवर घराला सवय झालेली असते. शेवटच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात आणि वीस दात पुरे होतात. तेव्हा मूल पलंगावरून उड्या मारत असतं, आणि त्याच्या हट्टाचं खापर फोडायला एव्हाना दुसरं कारण मिळालेलं असतं, बहुतेक वेळा सासरच्या रक्ताचं. थोरल्याच्या पहिल्या दाताची तारीख माझ्या सासऱ्यांनी कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवली होती, विसाव्याची कुणीच नाही. धाकट्याच्या पहिल्याचीही नाही. त्याने तो दात थोरल्याच्या दंडावर उमटवून स्वतःच जाहीर केला.